पाटी मँचेस्टरची, तांबं अकोल्याचं



समीक्षेवरचं व्याख्यान आणि त्यात ना कविता, ना कादंबरी. विषय काय, तर यादी. तीही जुन्या मोटारी, मीटर, स्विच आणि चिनी मातीच्या कपांची. पण यादीसुद्धा कुणीतरी लिहितंच. लिहिणारा काही घेतो, काही सोडतो. कशाला नाव द्यायचं, कशाला नुसता नग म्हणायचं, हे तोच ठरवतो. म्हणून यादी हा मजकूर आहे आणि इतर कुठल्याही मजकुरासारखा तो तपासता येतो, एवढं गृहीत धरून आम्ही बोलणार आहोत. समोर बोर्डातून निवृत्त झालेली मंडळी बसली आहेत, पॉलिटेक्निकची मुलंमुली आहेत, आणि आपल्या भागातल्या जुन्या वीजसामानाची नोंद करायला स्वतःहून हात पुढे करणारे दोन्हींतले लोक आहेत. बोलणं मुख्यतः त्यांच्याशी आहे.

हा विषय आजच का? कारण सामान चाललंय. घराच्या पडवीत ज्याची ॲल्युमिनियमची चकती सावकाश फिरायची तो काळा मीटर आधीच गेला. त्याच्या जागी आकडे दाखवणारा इलेक्ट्रॉनिक आला, आता स्मार्ट मीटर येतोय. अकोला जिल्ह्यात पारसला १९६१ साली तीस मेगावॅटचा पहिला संच सुरू झाला, १९६७ साली दुसरा. दोन्ही आता इतिहासजमा आहेत, तिथे अडीचशे मेगावॅटचे दोन नवे संच चालतात. जिनिंग-प्रेसिंगमधल्या जुन्या मोटारी वजनावर विकल्या जातात. भंगारवाला तांबं, बीड आणि ॲल्युमिनियम वेगळं करतो. खरं म्हणजे तीही एक यादीच आहे, आणि अतिशय काटेकोर. तिच्यात दर असतो.

आपल्याकडे वस्तू जमवायची परंपरा नाही असं कुणी म्हणू नये. पुण्याला दिनकर केळकरांनी, म्हणजे कवी 'अज्ञातवासीं'नी, आयुष्यभर फिरून समया, लामणदिवे, अडकित्ते, दौती गोळा केल्या. त्यांचं संग्रहालय आज राज्याचं भूषण आहे. पण आपल्या जिव्हाळ्याची एक मर्यादा आहे. तेलाचा दिवा पितळेचा असतो, देखणा असतो, देवघराशी नातं सांगतो. बेकलाइटचा काळा स्विच कुणाच्या आजीने दिलेला नसतो. मुंबईचं उदाहरण घ्या. बेस्ट या नावातच 'इलेक्ट्रिक सप्लाय' आहे, पण आणिक आगारातल्या त्यांच्या संग्रहालयाची ओळख ट्रामची आणि बसची. इथलं उदाहरण हवं असेल तर शकुंतला रेल्वे बघा. मूर्तिजापूरहून एकीकडे यवतमाळ, दुसरीकडे अचलपूर. तिचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत धावलं. तिच्यासाठी आंदोलनं झाली, लेख झाले, लोक डोळ्यांत पाणी आणून बोलतात. आणि बोलावंच. पण ट्रान्सफॉर्मरला शिट्टी नसते. तो नुसता गुणगुणतो, आणि तो गेल्याचं दुःख कुणाला होत नाही, नवीन कधी येतो याचीच घाई असते.

बाहेर काय करतात तेही थोडक्यात सांगतो. इंग्लंडमध्ये वेस्ट ससेक्स परगण्यात अँबर्ली नावाचं उघड्यावरचं उद्योग-संग्रहालय आहे. तिथे विजेचं स्वतंत्र दालन आहे आणि त्या संग्रहालयाचं पुष्कळसं काम स्वयंसेवक करतात. वीजखात्यात आयुष्य घालवलेला माणूस निवृत्तीनंतर जुन्या सामानावरची धूळ पुसतो, क्रमांक घालतो, कार्ड लिहितो, ही तिकडे रुळलेली गोष्ट आहे. या कामाचा आदर ठेवूनच पुढची टीका ऐका. टीका त्यांच्या मेहनतीवर नाही, जो कार्डाचा साचा आपण डोळे मिटून तिकडून उचलतो त्यावर आहे.

आपल्याकडे आजवर अशा वस्तूंची नोंद कुठे झाली? पहिली जागा म्हणजे गॅझेटियर. अकोल्याचं इंग्रजांच्या काळातलं १९१० चं, अमरावतीचं १९११ चं. मग महाराष्ट्र सरकारचं अमरावतीचं १९६८ चं आणि अकोल्याचं १९७७ चं. कापसाचा हा मुलूख, तेव्हा जिनिंग आणि प्रेस तिथे हजर आहेत. पण गॅझेटियरचा स्वभाव आकड्यांचा. किती कारखाने, किती गाठी, किती गावांना वीज. गंमत अशी की आकडे भरपूर, पण तारेवर टाकायचा 'आकडा' मात्र तिथे शोधू नका! बांबूच्या टोकाला वाकवलेली तार हेही या भागातलं वीजसामानच आहे, आणि कुठल्याही संग्रहालयाने अजून त्याला क्रमांक दिला असेल असं वाटत नाही.

दुसरी जागा म्हणजे जडसंग्रह नोंदवही. सरकारी शाळेत, कचेरीत, कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम केलेल्यांना ती ठाऊक आहे. आम्हीच बेतलेला एक नमुना वाचतो: 'इलेक्ट्रिक मोटार, पाच अश्वशक्ती, नग एक, निरुपयोगी, निर्लेखनास पात्र.' हसू येतं, पण ही नोंद प्रामाणिक आहे. तिला एवढंच सांगायचं आहे की वस्तू आहे, सरकारची आहे आणि ती आता काढून टाकायला हरकत नाही. तिचा वाचक ऑडिटर आहे. त्याच्यासाठी ती पूर्ण आहे.

आता संग्रहालयाचं कार्ड. हाही नमुना आमचाच. 'थ्री-फेज इंडक्शन मोटार. निर्माता: मेट्रोपॉलिटन-व्हिकर्स, मँचेस्टर. साहित्य: बीड, पोलाद, तांबे. स्थिती: मूळ वेटोळी नाहीत, एक झाकण बदललेले.' जडसंग्रहापेक्षा ही नोंद कितीतरी पुढे गेली आहे यात शंका नाही. आणि पाटी वाचणं ही एक विद्याच आहे, ती शिकून घ्यावी. मेट्रोपॉलिटन-व्हिकर्स हे नाव १९१९ साली आलं आणि १९६० साली त्या कंपनीने ते सोडलं, म्हणजे मोटारीचा काळ या दोन टोकांच्या मध्ये बसला. क्रॉम्प्टन पार्किन्सन असेल तर १९२७ नंतरची. आपल्याकडे त्याचं क्रॉम्प्टन ग्रीव्ह्ज झालं १९६६ साली. पाटीवर 'हर्ट्झ'ऐवजी 'सायकल्स' असेल तर वस्तू बहुधा जुन्या वळणाची, कारण हर्ट्झ हे एकक जगाने औपचारिकपणे स्वीकारलं ते १९६० साली.

वऱ्हाडात तर पाटीवर मालकाची अक्षरंही बघायला हवीत. अकोल्यात आणि अमरावतीत आधी खासगी वीज कंपन्या होत्या. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा प्रदेश मध्य प्रदेशात होता, राजधानी नागपूर. मग साडेतीन वर्षं द्विभाषिक मुंबई राज्य. १ मे १९६० ला महाराष्ट्र, २० जूनला राज्य विद्युत मंडळ. ६ जून २००५ ला मंडळाचे तुकडे होऊन महानिर्मिती, महापारेषण, महावितरण. म्हणजे अकोल्यातला एखादा खांब जागचा हलला नाही, पण त्याचं राज्य दोनदा बदललं आणि मालक त्याहून जास्त वेळा. पुण्यातल्या खांबाला हे भाग्य नाही. त्यामुळे मीटरच्या झाकणावर मारलेली तीन-चार अक्षरं घासून पुसून 'स्वच्छ' करू नका. नवीन स्वयंसेवकाचा पहिला उत्साह पॉलिशवर खर्च होतो, आणि पॉलिशमध्येच पुष्कळ इतिहास जातो.

इथपर्यंत आम्ही संग्रहालयाच्या कार्डाच्या बाजूने आहोत. आमचं भांडण आहे ते त्यातल्या एका शब्दाशी. 'मूळ वेटोळी नाहीत.' हे वाक्य दोष सांगण्याच्या सुरात लिहिलेलं आहे. वस्तू कारखान्यातून निघाली तेव्हा जशी होती तीच खरी, नंतर तिला जे झालं ते नुकसान, असा त्यामागचा समज. चित्राच्या बाबतीत, मूर्तीच्या बाबतीत तो चालेल. नाकाला सिमेंट लावलेली मूर्ती पाहून आम्हीही हळहळतो. पण मोटार ही मूर्ती नव्हे. ती चालावी म्हणून आणलेली असते, आणि चालता चालता जळते.

मोटार जळते म्हणजे काय होतं, हे इथल्या निम्म्या लोकांना आमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे. तीनपैकी एक फेज जाते. चालू मोटार तरीही थांबत नाही, उरलेल्या दोन फेजांवर कण्हत फिरत राहते, जास्त करंट ओढते, वेटोळी तापतात, वार्निश जळतं आणि तो वास येतो. कधी व्होल्टेजच पुरेसं नसतं. भारनियमनाच्या काळात शेतीची थ्री-फेज बंद ठेवून गावाला सिंगल फेज द्यायची पद्धत आली, तेव्हा कंडेन्सर लावून त्याच सिंगल फेजवर पंप ओढायची युक्ती शेतकऱ्यांनी काढली. बोर्डाच्या दृष्टीने ती चोरवाट, शेतकऱ्याच्या दृष्टीने उभं पीक वाचवणं, आणि मोटारीच्या दृष्टीने हाल. मग मोटार बैलगाडीत, पुढे टेम्पोत घालून शहरात यायची. वायंडिंगच्या दुकानात जळकी तार स्लॉटमधून काढायची, वेढे मोजायचे, तारेचा गेज बघायचा, पिच लिहून घ्यायचा. नवा कागद, नवी तार, वार्निश, भट्टी. मोटार भरून परत. दोन-तीन हंगामांनी पुन्हा तेच.

आता सांगा, चार वेळा भरलेल्या मोटारीत मँचेस्टरचं किती उरलं? पाटी उरली, बिडाचं कवच उरलं, आतलं पत्र्यांचं कोअर उरलं. तांबं अकोल्यात भरलेलं आहे. ते कोणत्या गेजचं, किती वेढ्यांचं, कुणाच्या हातचं, हे कार्डावर कुठेच नाही. कारण कार्डावर 'निर्माता' हा रकाना एकच आहे आणि तो पाटी बघून भरून टाकलेला आहे. म्हणजे ज्या वस्तूची नोंद आपण वऱ्हाडचा वारसा म्हणून करायला बसलो, तिच्यातला वऱ्हाडचा भाग 'स्थिती' या रकान्यात दोष म्हणून गेला. अशा यादीतून मँचेस्टरचा इतिहास लिहिता येईल. आपला येणार नाही.

आणि हा प्रश्न भावनेचा नाही, माहितीचा आहे. मोटार किती वेळा जळली आणि कोणत्या वर्षी, यातून त्या फीडरवर वीज कशी येत होती ते कळतं. सरकारी अहवालात गाव विद्युतीकृत झाल्याची तारीख असते. त्या विजेवर पंप सुखाने चालला की नाही, याचा पुरावा मोटारीच्या पोटात आहे. पाण्याचंही तसंच. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात भूगर्भातलं पाणी खारं. तिकडे वरुड-मोर्शीच्या संत्र्याच्या पट्ट्यात पाणी गोड, पण बोअर खोल खोल गेलेले. पहिल्या ठिकाणी पंपाची पाती आणि आवरण खाल्लेलं दिसेल. दुसऱ्या ठिकाणी विहिरीवरची मोटार जाऊन पाणबुडी पंप आलेला दिसेल, त्याचं वायंडिंगही वेगळं, प्लॅस्टिकचं वेष्टण असलेल्या तारेचं, कारण ती मोटार पाण्यातच राहते. अमरावती जिल्ह्यातले दोन पंप शेजारी ठेवले तर जमिनीखालच्या पाण्याचा नकाशा समोर येतो. पण तो कधी? पंप कोणत्या गावच्या, कोणत्या विहिरीवरचा, हे लिहिलं असेल तर. भंगाराच्या ढिगातून उचललेल्या पंपाला ती जीभ राहत नाही.

जिनिंगमध्ये हीच गोष्ट आणखी मोठ्या अंगाने दिसते. आधी एक वाफेचं इंजिन, त्यावरून छताखालचा लांब शाफ्ट, शाफ्टवरून चामड्याचे पट्टे, पट्ट्यांवर ओळीने जिन. वीज आल्यावर पहिल्या फटक्यात सगळं बदललं नाही. इंजिनाच्या जागी मोटार बसली, शाफ्ट आणि पट्टे तसेच राहिले. प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटार नंतर आली. म्हणून जिनिंगमधल्या मोटारीची नोंद एकटीची करणं म्हणजे बैलाची नोंद करून गाडी सोडून देणं. जोडी मोडण्याआधी, जागेवरच, चार बाजूंनी फोटो काढा. लांबी-रुंदी मग घ्या.

इथे एक धोका आहे. 'लोकांच्या आठवणी' म्हटलं की आपण भारावतो. निवृत्त वायरमनने सांगितलं की ते खरंच, असं नाही. माणूस साल विसरतो, दोन उपकेंद्रं एक करतो, आणि आपल्या साहेबाबद्दलचा राग यंत्रावर काढतो. तेव्हा पाटीवरून कळलेलं, कागदावरून कळलेलं आणि तोंडी कळलेलं, हे तीन वेगळ्या शाईंनी लिहावं, किंवा निदान वेगळ्या रकान्यांत. संग्रहालयाच्या कार्डाची शिस्त आम्हाला हवीच आहे. क्रमांक हवा, जागा हवी, माप हवं. क्रमांक नसलेली वस्तू एक दिवस नाहीशी होते आणि ती होती हे सिद्ध करता येत नाही.

दुसरं भांडण शब्दांचं. विश्वकोशात आणि परिभाषेत ट्रान्सफॉर्मरला 'रोहित्र' आहे. बातमीत रोहित्र जळतं. गावात मात्र, 'डीपी जळाली नं भाऊ, आठ दिस झाले.' डीपी म्हणजे खरं तर वितरणाची पेटी, पण बोलण्यात खांब, ट्रान्सफॉर्मर, पेटी असं सगळं ठाणंच डीपी. वीज गेली तर 'लाइन गेली'. ड्रॉपआउट फ्यूज सुटला तर 'डीओ उडाला'. यादीत कोणता शब्द घालायचा? आमचं मत, दोन्ही, आणि शोधता येतील असे. नुसतं रोहित्र घातलं तर ज्याने आयुष्यभर त्यावर काम केलं त्यालाच आपली वस्तू यादीत सापडणार नाही. नुसतं डीपी घातलं तर उद्याच्या अभ्यासकाला कळणार नाही की पेटी म्हणायचंय की ट्रान्सफॉर्मर. रेल्वेत याचं छान उदाहरण आहे. मुंबईहून घाट चढणारी जुनी विजेची मालगाडीची इंजिनं, दफ्तरी नाव डब्ल्यूसीजी-वन, कामगारांच्या तोंडी 'खेकडा'. चालताना ते कसं दिसायचं हे दफ्तरी नावातून कधीच कळलं नसतं. असे शब्द आपल्याकडे किती असतील! ते गोळा करताना ज्याने सांगितला त्याचा तालुका लिहा. अकोटचा शब्द आणि धारणीचा शब्द एकच असेल असं धरून चालू नका.

एक कोरडी पण गरजेची गोष्ट मध्येच सांगून टाकतो. जुना कपॅसिटर आणि जुन्या ट्रान्सफॉर्मरमधलं तेल, यांना हात लावण्याआधी विचारा. काहींमध्ये पीसीबी नावाचं घातक रसायन असू शकतं. त्याच्यावर आपल्याकडे २०१६ च्या आदेशाने निर्बंध आले आणि वापरातून पूर्ण काढून टाकायची मुदत २०२५ अखेरची होती. जुन्या पॅनेलमध्ये ॲस्बेस्टॉस निघतं, काही रेक्टिफायर आणि स्विचमध्ये पारा. बंद कपॅसिटरही झटका देतो. तेव्हा कार्डावर 'घातक द्रव्य' हा रकाना वरच्या बाजूला, लाल शाईत. वारसा वाचवताना माणूस जायला नको.

आता राहिली ती मोटारीची नोंद. ती कशी असावी, हे शोधायला फार लांब जायला नको, कारण ती लिहून झालेली आहे. वायंडिंगच्या जुन्या दुकानात फडताळावर तेलकट पुठ्ठ्याची एक वही असते. प्रत्येक जळक्या मोटारीची तार काढण्याआधी कारागीर तिच्यात लिहितो: कंपनी, एचपी, स्लॉट छत्तीस, वेढे इतके, गेज इतका, पिच इतका, कनेक्शन स्टार की डेल्टा. शेजारी वेटोळ्यांची हाताने काढलेली आकृती. खाली तारीख, गाव, आणि कधी एखादा शेरा, की पत्रे जळलेत, पुन्हा टिकणार नाही. त्याने ती संग्रहालयासाठी लिहिली नाही. तीच मोटार पुन्हा आली तर वेढे मोजायला लागू नयेत, एवढ्याच हेतूने लिहिली. पण आम्ही मघापासून जे मागतोय ते तिच्यात आहे: कंपनी आहे, दुरुस्ती आहे, तारीख आहे, गाव आहे. एका दुकानाच्या वीस वर्षांच्या वह्या मिळाल्या तर एका तालुक्यातले पंप कसे जळत गेले ते वर्षवार मांडता येईल. आमच्या दृष्टीने या भागातला सर्वांत चांगला कॅटलॉग हाच आहे. आणि मोटारींच्या आधी तो जाईल. मोटारीला निदान वजनाचा भाव येतो, वही रद्दीतसुद्धा कुणी घेत नाही, तिला तेल लागलेलं असतं.

म्हणून कामाचा क्रम आम्ही उलटा सुचवतो. आधी वस्तू गोळा करून शेड भरू नका. आधी दुकानं करा. अकोल्यात, अमरावतीत, अचलपूर, मूर्तिजापूर, वरुड, जिथे जिथे 'मोटार वायंडिंग' अशी जुनी पाटी आहे तिथे जा. काकांना, दादांना वही मागून न्यायची नाही. ती त्यांच्या रोजच्या कामाची आहे, परत मिळेपर्यंत त्यांचा जीव वर-खाली होईल. दुकानातच बसून, दुपारी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा, मोबाइलने पानागणिक फोटो घ्या. पानाचा क्रम मोडू नका, मागची कोरी पानंही घ्या. त्यांनी वापरलेल्या खुणांचा अर्थ त्यांच्याकडूनच विचारून त्याच दिवशी लिहून ठेवा, कारण दोन कारागिरांची खूण सारखी नसते. आणि फोटो घेण्याआधी एक विचारून घ्या. अशा वहीत मागच्या बाजूने उधारीही लिहिलेली असते, गिऱ्हाइकांच्या नावांसकट. ती पानं झाकायची.